बारा शब्दांची किल्ली

बिटकॉइन कोणाच्याही फोनमध्ये, पेनड्राइव्हवर किंवा संगणकात नसतो. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच नोंदवहीच्या प्रती असतात, आणि कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत एवढेच त्या वहीत लिहिलेले असते. 3 जानेवारी 2009 रोजी तिच्यात पहिली नोंद झाली. तेव्हापासून ती सर्वांना वाचायला खुली आहे. तिच्यात माणसाचे नाव नाही, पॅन नाही, सहीचा नमुना नाही. एखाद्या पत्त्यावरची नाणी हलवायची तर त्या पत्त्याच्या गुप्त किल्लीने सही करावी लागते. सही जुळली की व्यवहार मान्य होतो. ती मालकाने केली की चोराने, हे कोणी विचारत नाही, आणि एकदा पक्का झालेला व्यवहार कोणी परत फिरवत नाही. इथेरियम आणि इतर बहुतेक क्रिप्टोकरन्सींचे मूळ तत्त्व हेच आहे. त्यामुळे क्रिप्टो सुरक्षित ठेवणे म्हणजे ही किल्ली सुरक्षित ठेवणे.

शेअर ठेवणाऱ्याला डिमॅट खात्याचा पासवर्ड आठवेनासा झाला तर ओळख पटवून नवा घेता येतो. खातेदार वारला तर नामनिर्देशित व्यक्ती कागदपत्रे देऊन शेअर आपल्या खात्यात घेते. बँक बुडाली तरी 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. या सगळ्यामागे कुठेतरी एक कार्यालय असते, तिथे अर्ज करता येतो. क्रिप्टोच्या नोंदवहीला असे कार्यालय नाही. क्रिप्टोकरन्सी ही मालमत्ता आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये म्हटले. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण मालकी मान्य करणारे न्यायालयही हरवलेली किल्ली घडवून देऊ शकत नाही.

हरवण्याचा धोका चोरीपेक्षा लहान नाही, उलट तो लवकर लक्षात येत नाही म्हणून अधिक वाईट. वेल्समधील न्यूपोर्ट शहरात राहणाऱ्या जेम्स हॉवेल्स यांची एक हार्ड डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे 8,000 बिटकॉइनची किल्ली होती. कचराभूमी उकरू द्यावी म्हणून त्यांनी नगर परिषदेकडे वर्षानुवर्षे खेटे घातले. शेवटी ते न्यायालयात गेले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची गोष्ट वेगळी. त्यांच्या 7,002 बिटकॉइनची किल्ली आयर्नकी नावाच्या कुलूपबंद पेनड्राइव्हवर होती. दहा वेळा पासवर्ड चुकला की त्यातला मजकूर कायमचा जातो. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला, आणि 2021 मध्ये ही हकिकत जगापुढे आली तेव्हा दहापैकी आठ प्रयत्न संपले होते. या दोघांकडून कोणी काहीच चोरले नव्हते. एकाकडे दुसरी प्रत नव्हती, तर दुसऱ्याचे कुलूप मालकालाही उघडेना.

चोरी आणि हरवणे हे दोन धोके एकमेकांच्या उलट ओढतात. चोरापासून वाचायचे तर प्रती कमी हव्यात, जागा गुप्त हवी, कुलपे जास्त हवीत. हरवण्यापासून वाचायचे तर प्रती अधिक हव्यात, त्या सापडायला सोप्या हव्यात, आणि आणखी कोणाला तरी ठाऊक हव्यात. पुढे येणारा प्रत्येक उपाय या दोन पारड्यांत घालूनच तोलायला हवा. एका बाजूला फार झुकलेला उपाय, तो कितीही हुशारीचा वाटला तरी, घातक ठरतो.

संख्येपासून शब्दांपर्यंत

गुप्त किल्ली ही मुळात 256 बिटांची एक संख्या असते. नेहमीच्या आकड्यांत लिहिली तर ती 78 आकड्यांपर्यंत जाते. अशी संख्या हाताने उतरवताना चूक होणारच. ही अडचण ओळखून 2013 मध्ये बीआयपी-39 हा प्रस्ताव पुढे आला, आणि आज बहुतेक वॉलेट, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी अॅप किंवा यंत्रे, त्याच रीतीने चालतात. वॉलेट प्रथम सुरू केले की पडद्यावर बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द येतात. यांनाच सीड फ्रेज म्हणतात.

हे शब्द कसे ठरतात ते समजले की ते कसे सांभाळायचे हेही समजते. वॉलेट आधी 128 बिटांची एक यादृच्छिक संख्या घेते. नाणे 128 वेळा उडवून दर वेळी छापा की काटा हे टिपून ठेवावे, तसे हे काम. मग त्या संख्येवरून पडताळणीचे 4 बिट काढून शेवटी जोडले जातात. झाले 132 बिट. त्यांचे अकरा-अकराचे बारा तुकडे पडतात. अकरा बिटांत 0 ते 2047 यांपैकी कोणताही क्रमांक मावतो, आणि ठरलेल्या यादीतले शब्दही नेमके 2048 आहेत. प्रत्येक तुकड्याच्या जागी त्या क्रमांकाचा शब्द ठेवला की बारा शब्द तयार. चोवीस शब्दांसाठी हेच गणित 256 आणि 8 बिटांचे होते. यादी करताना पहिल्या चार अक्षरांवरून शब्द नक्की ओळखता येईल अशी काळजी घेतली आहे, म्हणून एखादे शेवटचे अक्षर पुसले गेले तरी बिघडत नाही. या मानक याद्या इंग्रजी, जपानी, स्पॅनिश अशा काही भाषांत आहेत, कोणत्याही भारतीय भाषेत नाहीत. त्यामुळे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवू नयेत, रोमन लिपीतल्या मोठ्या, सुट्या, छापील अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. दहा वर्षांनी तो कागद दुसराच कोणी वाचत असेल, आणि त्याला स्पेलिंगचा तर्क करत बसावे लागू नये.

या बारा शब्दांतून वॉलेटमधल्या सगळ्या किल्ल्या पुन्हा निर्माण होतात. यंत्र फुटले, फोन समुद्रात पडला, वॉलेट बनवणारी कंपनी बंद पडली, तरी दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये तेच शब्द त्याच क्रमाने भरले की नाणी समोर येतात. याचाच दुसरा अर्थ असा की ज्याने शब्द पाहिले त्याच्या हाती नाणी गेली. त्याला यंत्र नको, पिन नको, बोटाचा ठसा नको.

थोडे गणित इथे उपयोगी पडते. बारापैकी एक शब्द वाचता येईनासा झाला, पण त्याची जागा ठाऊक असली, तर पर्याय 2048 उरतात. पडताळणीचे बिट त्यांतले सोळात एकच टिकू देतात, म्हणजे साधारण 128 शक्यता तपासाव्या लागतात. दोन शब्द गेले तर सुमारे 2 लाख 62 हजार, आणि संगणकाला तेही जड नाही. म्हणून कागद थोडा खराब झाला तर हताश होऊन तो फेकू नये. हेच गणित चोराच्याही कामी येते. बारा शब्दांचा क्रम उलटसुलट करून लिहिला की ते सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. बारा शब्दांच्या मांडण्या 47 कोटी 90 लाखांच्या घरात जातात. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला तो अफाट नाही. पडताळणीने त्यांतल्या तीन कोटींच्या आसपास उरतात. क्रम बदलून लिहिण्याने चोर अडत नाही आणि मालक मात्र स्वतःच रचलेला क्रम विसरतो.

शब्द स्वतःच्या मनाने निवडणे ही आणखी मोठी चूक. माणसाचे मन यादृच्छिक नसते, त्याला आवडते शब्द असतात. यंत्राने निवडले तरी यंत्राचे नशीब खरोखर आंधळे हवे. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या साधनात 128 किंवा 256 बिटांऐवजी केवळ 32 बिटांइतकीच यादृच्छिकता येत असल्याचे 2023 मध्ये उघड झाले. 32 बिट म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता. चोरांनी त्या सगळ्या पालथ्या घातल्या आणि वॉलेट रिकामी केली. त्या वॉलेटच्या मालकांनी आपले शब्द अगदी नीट लपवून ठेवलेले असू शकतील, पण दोष शब्दांच्या जन्मातच होता. म्हणून वॉलेट नावाजलेले, अनेक वर्षे वापरात असलेले आणि ज्याचा कोड बाहेरच्या जाणकारांनी तपासला आहे असेच घ्यावे.

किल्ली दुसऱ्याच्या हाती

एक्स्चेंजवर क्रिप्टो विकत घेऊन तिथेच ठेवणाऱ्याकडे किल्ली नसते. त्याच्याकडे एक खाते असते आणि पडद्यावर एक आकडा असतो. किल्ल्या कंपनीकडे असतात. हे सोयीचे आहे, पासवर्ड विसरला तर मदतही मिळते. पण कंपनी बुडाली, लुटली गेली किंवा अप्रामाणिक निघाली तर तो आकडा म्हणजे फक्त एक दावा उरतो.

टोकियोचे माउंट गॉक्स हे एकेकाळी जगातले सर्वांत मोठे बिटकॉइन एक्स्चेंज. फेब्रुवारी 2014 मध्ये ते कोसळले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचे सांगण्यात आले. त्यांतले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. देणेकऱ्यांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू व्हायला 2024 चा जुलै उजाडला. कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये जयपूर इथे वारला. त्याने किल्ल्या एकट्याकडेच ठेवल्या होत्या, त्यामुळे सुमारे 76,000 ग्राहकांचे पैसे अडकल्याचे जाहीर झाले. पुढे चौकशी झाली तेव्हा ती वॉलेट आधीच रिकामी होती. ग्राहकांची नाणी त्याने स्वतःच सट्ट्यात उडवली होती, असा निष्कर्ष ऑन्टारियोच्या नियामकाने 2020 मध्ये काढला. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले, तेही ग्राहकांचा पैसा दुसरीकडे वळवल्यामुळेच.

भारतात सर्वांत मोठा घाव मुंबईतल्या वझीरएक्स या एक्स्चेंज कंपनीवर बसला. 18 जुलै 2024 रोजी तिच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे जवळपास 2,000 कोटी रुपयांची क्रिप्टो निघून गेली. ते वॉलेट निष्काळजीपणे उघडे ठेवलेले नव्हते. त्यातून काही बाहेर काढायचे तर अनेक सह्या लागत. काही सह्या वझीरएक्सच्या लोकांच्या, एक सही वॉलेट सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची. सह्या करणाऱ्यांकडे किल्ली वेगळ्या यंत्रात ठेवणारी हार्डवेअर वॉलेटही होती. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि ज्यावर प्रत्यक्ष सही झाली तो व्यवहार यांत फरक होता, असे वझीरएक्सने सांगितले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी 2025 च्या संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. ग्राहकांचे क्रिप्टो व्यवहार थांबले. सिंगापूरच्या न्यायालयात पुनर्रचनेची योजना मंजूर होऊन ते पुन्हा सुरू झाले ऑक्टोबर 2025 मध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने. त्या सव्वा वर्षात बाजार वर गेला, खाली आला, आणि लाखो सामान्य गुंतवणूकदार आपल्याच पैशाकडे नुसते पाहत राहिले.

एक्स्चेंजने भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे. मात्र ती नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी असते, ठेवीचा विमा म्हणून नव्हे. खरेदी-विक्रीपुरती रक्कम एक्स्चेंजवर ठेवावी आणि दीर्घकाळ ठेवायची ती आपल्या किल्लीखाली आणावी, हा विभागणीचा नियम योग्य आहे. मात्र ज्याला पुढचे सांभाळणे झेपणार नाही, त्याने लहान रक्कम चांगल्या एक्स्चेंजवरच राहू द्यावी. अर्धवट समजून घेतलेली किल्ली एक्स्चेंजपेक्षा लवकर घात करते.

एक्स्चेंजच्या खात्याला कुलूप म्हणून एसएमएसवरचा ओटीपी पुरेसा नाही. खोट्या कागदपत्रांवर दुसरे सिमकार्ड काढून घेतले की ते ओटीपी चोराच्या फोनवर जातात. ओटीपी तयार करणारे अॅप किंवा यूएसबी सुरक्षा-किल्ली वापरावी. खात्याला जोडलेल्या ईमेललाही तेच कुलूप लावावे, कारण पासवर्ड बदलण्याचा दुवा शेवटी त्या ईमेलवरच येतो.

फोनमधले पाकीट

फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वॉलेटमध्ये किल्ली मालकाकडे असते, पण ती इंटरनेटला जोडलेल्या यंत्रात असते. खिशात जेवढी रोकड घेऊन माणूस बाजारात जातो, तेवढीच रक्कम इथे शोभते.

या वॉलेटवर होणारे बहुतेक हल्ले मालकाच्या सवयींवर टपलेले असतात. सर्वांत घातक सवय म्हणजे सीड फ्रेजचा फोटो. कागद सापडत नाही म्हणून स्क्रीनशॉट काढला जातो, तो आपोआप क्लाउडवर चढतो आणि विसरला जातो. फोनमधल्या चित्रांतून सीड फ्रेज वाचून काढणारे स्पार्ककॅट नावाचे घातक सॉफ्टवेअर 2025 च्या फेब्रुवारीत उघडकीला आले. ते अधिकृत अॅप स्टोअरमधल्या अॅपमध्येही शिरले होते. क्लाउडवर किल्ली ठेवणे किती महागात पडते याचा पुरावा खुद्द चोरांनी दिला आहे. 2016 मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून 1,19,754 बिटकॉइन चोरीला गेले. 2022 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यांतले 94,000 हून अधिक ताब्यात घेतले. किल्ल्या आरोपीच्या क्लाउड खात्यातल्या एका कूटबद्ध फाइलीत होत्या, आणि ती फाइल उलगडली गेली.

दुसरी सवय पत्ता नीट न वाचण्याची. क्रिप्टोचा पत्ता लांब आणि अर्थहीन असतो, म्हणून लोक तो कॉपी-पेस्ट करतात आणि पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानतात. काही घातक सॉफ्टवेअर कॉपी केलेला पत्ता मधल्यामध्ये बदलते. काही चोर तर तशीच सुरुवात आणि तसाच शेवट असलेला पत्ता तयार करून त्यावरून सावजाच्या वॉलेटमध्ये क्षुल्लक रक्कम धाडतात, म्हणजे पुढच्या वेळी मालक जुन्या व्यवहारांच्या यादीतून चुकून तोच पत्ता उचलेल. मे 2024 मध्ये अशाच चुकीने एकाने 1,155 रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचे इथेरियमवर चालणारे रूप), तेव्हाच्या भावाने सुमारे 6.8 कोटी डॉलर, चोराला पाठवले. वाटाघाटींनंतर ते परत आले, पण असे सहसा घडत नाही. मोठी रक्कम पाठवण्याआधी पूर्ण पत्ता अक्षरागणिक जुळवावा आणि आधी थोडी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करावी.

इथेरियमसारख्या जाळ्यांवर आणखी एक सापळा आहे. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडताना मालक एका परवानगीवर सही करतो. माझी अमुक नाणी तू हलवू शकतोस, असा तिचा अर्थ असतो, आणि पुष्कळदा तिला मर्यादाच नसते. नाणी त्या क्षणी जागेवर दिसतात, महिन्यांनी गायब होतात. न लागणाऱ्या परवानग्या वेळोवेळी रद्द करणे हा तिथल्या घरकामाचाच भाग मानायला हवा.

हार्डवेअर वॉलेट

2014 मध्ये प्रागच्या एका कंपनीने ट्रेझर नावाचे छोटे यंत्र विक्रीला आणले. तेव्हापासून अशी अनेक यंत्रे आली. त्यांतली कल्पना एकच आहे. किल्ली यंत्रातच जन्मते आणि यंत्राबाहेर कधी जात नाही. संगणक व्यवहाराचा मसुदा यंत्राकडे पाठवतो, यंत्र आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर देते. संगणकात विषाणू असला तरी त्याला किल्ली दिसत नाही.

यंत्र निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून नवेच घ्यावे, वापरलेले कधीही नाही. डबी उघडल्यावर आत आधीच भरलेला बारा शब्दांचा कागद मिळाला तर तो सापळा आहे, कारण खरे शब्द मालकासमोर यंत्राच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटतात. लेजर या फ्रेंच कंपनीच्या सुमारे 2 लाख 70 हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक 2020 च्या डिसेंबरात इंटरनेटवर उघड झाले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी टपालाने खोटी यंत्रे आली, सोबत कंपनीच्या नावाचे पत्र आणि जुने शब्द नव्या यंत्रात भरण्याची सूचना.

यंत्रावरचा तो इवलासा पडदा हाच त्याचा खरे मोल असलेला भाग आहे. संगणकाच्या पडद्यावर चोर काहीही दाखवू शकतो, म्हणून पत्ता आणि रक्कम यंत्राच्या पडद्यावर वाचूनच बटण दाबायचे असते. यंत्राला व्यवहार उलगडून दाखवता आला नाही आणि तरीही सही केली गेली, तर तिला आंधळी सही म्हणतात. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, गेले ते याच वाटेने. सह्या करणाऱ्यांना वॉलेट चालवण्याच्या संकेतस्थळावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. त्या संकेतस्थळाच्या एका विकासकाचा संगणक आधीच हॅकरांच्या ताब्यात गेला होता आणि पानातला कोड बदललेला होता. न कळलेल्या मजकुरावर सही करायची नाही, हा कोऱ्या मुद्रांकाबद्दलचा जुना नियम इथे जसाच्या तसा लागू होतो.

कागद, पोलाद आणि जागा

यंत्र हरवले तर दुसरे आणता येते. शब्द हरवले आणि मग यंत्र बिघडले, तर पुढे वाट नाही. म्हणून शब्दांची प्रत हा या विद्येचा गाभा आहे.

कागद चालतो, पण कागदाचे शत्रू आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोकणातल्या पावसाळी दमटपणात शाई पसरते, वाळवी कपाटात शिरते, आणि घरात आवराआवर झाली की अनोळखी चिठ्ठ्या रद्दीत जातात. मोठ्या रकमेसाठी स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घ्यावेत. पहिली चार अक्षरे पुरतात, त्यामुळे काम तासाभराचे असते. ते स्वतः करावे, नाव कोरून देणाऱ्या दुकानदाराला कागद दाखवू नये. हे पोलाद 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, घराला लागणारी आग सहसा तिथवर जात नाही.

एक प्रत म्हणजे प्रत नाहीच. दोन हव्यात, आणि त्या एकाच संकटात सापडणार नाहीत अशा जागी हव्यात. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये घरे आणि दुकाने दोन्ही पाण्याखाली गेली. एक प्रत घरी आणि एक त्याच पेठेतल्या दुकानात असती तर दोन्ही त्याच दिवशी बुडाल्या असत्या. बँकेचा लॉकर चांगला, पण चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, हे ध्यानात ठेवावे.

बारा शब्दांचे सहा-सहा असे दोन भाग करून दोन ठिकाणी ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि ती वाईट आहे. कोणताही एक भाग गेला तरी सगळे जाते, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट होतो. शिवाय अर्धा भाग हाती लागलेल्या चोराचे कामही खूप सोपे होते.

पासफ्रेज हा अधिक पक्का मार्ग आहे. बारा शब्दांच्या जोडीला मालकाने स्वतः ठरवलेला एक गुप्त मजकूर लागतो, आणि तो मिळाल्याशिवाय खरे वॉलेट उघडत नाही. शब्दांचा कागद चोराला मिळाला तरी नाणी वाचतात. पण पासफ्रेज चुकला तर यंत्र चूक झाल्याचे सांगत नाही. ते शांतपणे दुसरेच, रिकामे वॉलेट उघडते. एक अक्षर लहान-मोठे झाल्याने रिकामा पडदा पाहून घाबरलेले लोक कमी नाहीत. पासफ्रेज केवळ डोक्यात ठेवणे म्हणजे थॉमस यांच्या वाटेने जाणे. तोही लिहून ठेवावा, पण शब्दांपासून वेगळ्या जागी.

खरोखर मोठ्या रकमेसाठी बहुसही, म्हणजे मल्टिसिग वॉलेट असते. तीन किल्ल्या करायच्या आणि कोणत्याही दोन लागतील असे ठरवायचे. एक घरी, एक लॉकरमध्ये, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे. कोणतीही एक चोरीला गेली तरी चोराला काही मिळत नाही, आणि कोणतीही एक हरवली तरी मालकाचे काही जात नाही. या सगळ्या उपायांत दोन्ही पारडी एकाच वेळी सांभाळणारा हा एकच म्हणावा लागेल. त्यातली एक खोच मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बिटकॉइनचे असे वॉलेट पुन्हा उभे करताना तिन्ही किल्ल्यांच्या सार्वजनिक भागांची माहिती लागते. ती माहिती असलेली फाइल गुप्त किल्लीइतकी नाजूक नसते, म्हणून तिची प्रत प्रत्येक किल्लीसोबत ठेवता येते आणि ठेवावीच.

प्रत नीट आहे की नाही हे पाहण्याची एकच खात्रीची रीत आहे. वॉलेटमध्ये आधी थोडीशीच रक्कम घालावी, मग यंत्र पूर्ण पुसून टाकावे आणि केवळ कागदावरून ते पुन्हा उभे करावे. रक्कम दिसली तरच मोठी रक्कम आणावी. ही रंगीत तालीम वर्षातून एकदा करणारा माणूस कागदावरची चूक पैसे जाण्याआधी पकडतो.

माणसे

ग्राहकसेवा, सरकारी अधिकारी, एक्स्चेंजचे कर्मचारी, वॉलेट कंपनी, यांतल्या कोणालाही सीड फ्रेजची गरज कधीच पडत नाही. जो मागतो तो चोर, याला अपवाद नाही. खात्यात गडबड आहे, लगेच पडताळणी करा नाहीतर पैसे गोठतील, अशी घाई लावणे हे त्याचे पहिले लक्षण. विश्वासाच्या पदावरच्या माणसालाही शब्द दाखवू नयेत. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी 2022 मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवली, असा त्यांच्यावर आरोप ठेवला गेला.

आपल्याकडे किती क्रिप्टो आहे हे सांगत न फिरणे हीही एक सुरक्षाच आहे. धमकावून, डांबून ठेवून किल्ली मागण्याचे प्रकार जगभर घडत आहेत, आणि अशा वेळी कोणतेही गणित उपयोगी पडत नाही.

शब्द फुटल्याची नुसती शंका आली तरी थांबू नये. नव्या शब्दांचे नवे वॉलेट तयार करून उरलेली सगळी नाणी तिकडे हलवावीत. चोरी झालीच तर व्यवहाराचा क्रमांक आणि चोराचा पत्ता टिपून लगेच सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोरीची नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोचली तर ती गोठवता येतात, पण त्यासाठी हाती काही तासच असतात. यानंतर शुल्क घेऊन पैसे परत मिळवून देतो म्हणणारे जे फोन येतात, ते बहुधा दुसऱ्या चोराचे असतात.

वारसांसाठी

सगळे कुलूपबंद करून मालक अचानक गेला तर घरच्यांच्या हाती काय लागते? पुष्कळ घरांत काहीही लागत नाही, कारण क्रिप्टो होती हेच कोणाला माहीत नसते. घरातल्या कर्त्या माणसाने विमा, मुदत ठेवी आणि जमिनीचे कागद यांची यादी करून ठेवावी ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. तिच्यात आता क्रिप्टोच्या ओळीची भर पडायला हवी.

मृत्युपत्रात शब्द कधीही लिहू नयेत, कारण ते अनेकांच्या हातांतून जाते. मृत्युपत्रात कोणती मालमत्ता कोणाला एवढेच असावे. त्याशिवाय एक साधे पत्र असावे. त्यात कोणते वॉलेट आहे, यंत्र कुठे आहे, शब्दांची प्रत कोणत्या जागी आहे, पासफ्रेज आहे का आणि असल्यास तो कोणाकडे आहे, आणि मदतीसाठी कोणत्या एका जाणत्या नातेवाइकाला बोलवावे, हे घरातल्या सर्वांत कमी तंत्र जाणणाऱ्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहिलेले असावे. शब्द त्या पत्रात नसावेत, ते कुठे आहेत एवढेच असावे. सोबत खरेदीच्या पावत्या ठेवाव्यात. क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे आणि त्यात खरेदी किमतीखेरीज दुसरी वजावट नाही. ती किंमत सिद्ध करता आली नाही तर वारसांचा कर वाढतो.

हे पत्र लिहायला अर्धा तास लागतो. ज्यांच्या घरी थोडीही क्रिप्टो आहे, त्यांनी ते याच आठवड्यात लिहावे आणि ते कुठे ठेवले आहे हे घरातल्या एका माणसाला तोंडी सांगावे.